मैदान कोणाचे?

खेळाचा इतिहास म्हटला की आपल्याकडे विजेत्यांची नावे सांगितली जातात. कोणी किती गडी बाद केले, कोणी कोणता चषक नेला, हे पोरासोरांना तोंडपाठ असते. परंतु मैदान कोणाच्या मालकीचे, खेळाडूला पैसा कोण देतो आणि तो किती द्यायचा हे ठरवतो कोण, असे सहसा कोणी विचारीत नाही. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. त्यामुळे कारखान्याकडे पाहतो त्याच नजरेने आम्ही मैदानाकडे पाहतो. आजचा विषय कबड्डी. आणि तिच्या जोडीला अमेरिकेतील फुटबॉल. कबड्डीच्या आजच्या धंदेवाईक व्यवस्थेचा साचा क्रिकेटच्या आयपीएलमार्गे बराचसा तिकडूनच आलेला आहे, म्हणून ही जोडी लावावी लागते.

आरंभ आपल्या गावापासूनच करू. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने हुतुतू आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. तेथे खेळणाऱ्याला कोणी विकत घेतलेले नव्हते. मैदान संस्थेचे होते आणि खेळाडू संस्थेचा होता.

पुढे संघटनेची दुसरी पायरी आली. कोठे हुतुतू, कोठे चेडुगुडु, अशी निरनिराळी नावे आणि निरनिराळे नियम असलेल्या खेळाला एका सूत्रात बांधण्यासाठी १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला आणि १९५२ पासून पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. गावचे मंडळ, त्यावर जिल्हा, त्यावर राज्य आणि शेवटी देश, अशी ही शिडी. या शिडीवर आपल्या भागाला स्वतंत्र जागा मिळाली; राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राचा संघ वेगळा आणि विदर्भाचा वेगळा उतरतो. खेळाडूचे पोट मात्र शिडीवर नव्हे, नोकरीवर भरत असे. मुंबईच्या गिरण्या, रेल्वे, पोलीस खाते, बँका, तेल कंपन्या यांचे संघ असत. चढाई चांगली करणाऱ्याला तेथे काम मिळे. खेळणे थांबले तरी पगार थांबत नसे. हा या व्यवस्थेचा मोठा गुण होता, आणि त्याची किंमत आपण ती मोडू लागल्यावर ओळखली.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. तो फसला, आणि त्यानंतर गिरणगाव हळूहळू ओस पडले. ज्या वस्तीने कबड्डीला खेळाडू आणि प्रेक्षक पुरवले तिचा पायाच खचला.

त्यानंतर तिसरी पायरी आली. आनंद महिंद्र आणि चारू शर्मा यांनी स्थापन केलेल्या मशाल स्पोर्ट्स या कंपनीने २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू केली. आठ शहरांचे आठ संघ आणि त्यांचे आठ मालक. पहिला हंगाम २६ जुलैला सुरू झाला आणि ३१ ऑगस्टला संपला. पुढच्याच वर्षी स्टार इंडिया या दूरचित्रवाणी कंपनीने मशालमध्ये ७४ टक्के हिस्सा घेतला. म्हणजे खेळ दाखवणाराच खेळवणाऱ्याचा मालक झाला. आपल्या राज्यातून संघ निघाले ते मुंबईचे आणि पुण्याचे. नागपूर, अमरावती, अकोला या नावांचा संघ निघाला नाही. मातीत खेळ किती रुजला आहे यापेक्षा बाजारपेठ केवढी, यावर संघाचे गाव ठरले.

खेळाडूंचा लिलाव होऊ लागला. २०१४ साली सर्वांत मोठी बोली राकेश कुमार यांच्यासाठी १२ लाख ८० हजारांची होती. २०१८ साली मोनू गोयत यांच्यासाठी ती १ कोटी ५१ लाखांवर गेली. हा पैसा खेळाडूच्या घरात आला याचा आम्हांस आनंदच आहे. २०१७ साली संघ बारा झाले, तेव्हा लीगने सहा-सहा संघांचे दोन विभाग केले. अमेरिकेत यालाच कॉन्फरन्स म्हणतात. दोन हंगामांनंतर, २०१९ साली, ते विभाग मोडून सर्व संघ पुन्हा एका यादीत आणले गेले. आपले विभाग म्हणजे सामन्यांच्या वेळापत्रकावर ओढलेली एक रेघ होती. अमेरिकेतील कॉन्फरन्सचा जन्म मात्र मालकामालकांच्या भांडणातून झाला, आणि तो इतिहास आपण ऐकण्यासारखा आहे.

टेक्सासमधील श्रीमंत तेलसम्राटाचा मुलगा लमार हंट याला जुन्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये संघ हवा होता. तो मिळेना, तेव्हा त्याने आणखी सात मालक जमवून अमेरिकन फुटबॉल लीग ही दुसरी लीग उभारली. १९६० पासून तिचे सामने सुरू झाले. आता खेळाडूच्या दारात दोन गिऱ्हाइके उभी राहिली. कापसाला दोन व्यापारी आले की भाव चढतो, आणि दोघांनी संगनमत केले की उतरतो, हे वऱ्हाडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. १९६५ च्या हंगामासाठी नव्या लीगच्या न्यूयॉर्क संघाने जो नॅमथ या तरुणाशी ४ लाख २७ हजार डॉलरचा करार केला. मालकांना ही चढाओढ परवडेना. जून १९६६ मध्ये दोन्ही लीगांनी तह केला, आणि १९६७ पासून नव्या खेळाडूंची निवड एकत्र होऊ लागली. म्हणजे पुन्हा गिऱ्हाईक एकच राहिले. १९७० साली विलीनीकरण पुरे झाले. जुनीकडे १६ आणि नवीकडे १० संघ होते. तोल साधण्यासाठी बाल्टिमोर, क्लीव्हलँड आणि पिट्सबर्ग हे तीन संघ प्रत्येकी ३० लाख डॉलर घेऊन नव्या बाजूला गेले. अशा रीतीने १३-१३ संघांची दोन कॉन्फरन्स झाली. हंटची लीग अमेरिकन फुटबॉल कॉन्फरन्स या नावाने उरली. आज तिच्यात १६ संघ असून त्यांचे चार-चारांचे चार उपविभाग आहेत.

मालकांची अशी एकजूट झाल्यावर खेळाडूंनी काय केले? त्यांची संघटना १९५६ पासून होतीच. १९८२ साली, आपल्या गिरणी संपाच्याच वर्षी, तिने ५७ दिवस संप केला. १६ सामन्यांचा हंगाम ९ सामन्यांवर आला. १९८७ साली पुन्हा संप झाला, तेव्हा मालकांनी दुसरेच खेळाडू मैदानात उतरवून सामने चालवले आणि संप मोडला. संघटनेने मग न्यायालयाची वाट धरली. १९९३ साली करार झाला आणि ठराविक वर्षे खेळलेल्या, करार संपलेल्या खेळाडूला आपला मालक स्वतः निवडण्याचा हक्क मिळाला. हे यश एका संपाचे नव्हे. संप हरल्यावरही संघटना टिकवली, त्याचे ते फळ आहे.

कबड्डीने तिकडून संघमालक घेतले, दूरचित्रवाणी घेतली, विभागही दोन वर्षे घेऊन पाहिले. मालकांशी सामुदायिक करार करणारी खेळाडूंची संघटना मात्र अजून उभी राहिलेली नाही. काही कोटींचे आकडे छापून येतात. परंतु लीगचे काम हे आपल्या जिनिंग-प्रेसिंगसारखे हंगामी काम आहे. गुडघा गेला, पुढच्या लिलावात बोली लागली नाही, तर त्या गड्याने कोठे जायचे? महासंघाच्या जुन्या शिडीवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने महासंघाच्या अध्यक्षपदाची निवड रद्द करून कारभार प्रशासकाकडे सोपवला होता.

आणि मालक धनवानच असावा असेही नाही. अमेरिकेत ग्रीन बे नावाचे लाखभर वस्तीचे, अमरावती-अकोल्याहून कितीतरी लहान असे गाव आहे. तेथील फुटबॉल संघ १९२३ पासून भागधारक नागरिकांच्या मालकीचा आहे. त्यांना लाभांश मिळत नाही. पण तो संघ कोणी धनिक विकत घेऊन दुसऱ्या शहरात नेऊ शकलेला नाही. आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी व्यायामसंस्था आहे, सहकाराची सवय आहे आणि मैदाने आहेत. तेव्हा विदर्भाचा संघ कधी निघेल, असे विचारताना तो कोणाचा असेल, आणि त्यात खेळणाऱ्या पोराच्या दुखापतीचा खर्च कोण करील, हेही आपण आजच विचारून ठेवावे.