गीताचे मोल

कोणते राष्ट्रगीत अथवा देशभक्तीचे गीत माणसाचे अंतःकरण अधिक हलवते, असा प्रश्न निघाला म्हणजे विद्वान शब्दांची थोरवी सांगतात आणि गवई चालीची. दोघांचेही म्हणणे खोटे नव्हे; तथापि ते अपुरे आहे. गीताचे सामर्थ्य त्याच्या शब्दांत जितके असते, तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, ते गाणाऱ्यांनी त्यापायी काय सोसले यात असते. याचा दाखला शोधण्यासाठी मराठवाड्यातील श्रोत्यांना दूर जाण्याचे कारण नाही.

आजचे छत्रपती संभाजीनगर त्या काळी औरंगाबाद या नावाने निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. संस्थानात मराठी, तेलुगू व कानडी बोलणारी प्रजा बहुसंख्य; परंतु १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून चाले. औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज याच विद्यापीठाशी जोडलेले होते. संस्थानाचे स्वतःचे एक गीत होते. त्यात राज्यकर्त्याचे कल्याण चिंतिलेले असे व शाळांतून ते म्हणवून घेतले जाई.

१९३८ साली संस्थानात स्टेट काँग्रेसवर बंदी आली आणि ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. पुढच्याच महिन्यात औरंगाबादच्या कॉलेजातील वसतिगृहाचे विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले. अधिकाऱ्यांनी त्यास मनाई केली. प्रार्थनेत काय म्हणावे हा आमचा प्रश्न आहे, अशी विद्यार्थ्यांची भूमिका होती. ते हटले नाहीत. हे लोण लवकरच हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत पोहोचले. माफी मागा, असे फर्मान सुटले. शेकडो विद्यार्थ्यांनी ते मानले नाही आणि त्यांना विद्यापीठाबाहेर पडावे लागले. त्या वेळी औरंगाबादेस शिक्षक असलेल्या गोविंदभाई श्रॉफ यांचे मार्गदर्शन या तरुणांना लाभले होते.

या घटनेचे गांभीर्य आज सहजी ध्यानात येत नाही. खेड्यातील एखाद्या घराने पोटास चिमटा घेऊन मुलास कॉलेजात धाडावे, आणि एका गीतापायी त्याचे नाव पटावरून निघावे, ही त्या घरावर कोसळलेली आपत्तीच होती. सुदैवाने नागपूर विद्यापीठाने आपले दार उघडले व पुष्कळांचे शिक्षण पुढे चालू राहिले. नागपूरची वाट धरणाऱ्यांत १९९१ साली भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही होते.

मग हेच गीत का? बंकिमचंद्रांच्या ‘आनंदमठ’ कादंबरीतून ते १८८२ साली वाचकांपुढे आले. १८९६ साली कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात रवींद्रनाथांनी ते गायिले आणि १९०५ सालच्या वंगभंगानंतर ते चळवळीची घोषणा बनले. त्यातील संस्कृत शब्द मराठी, तेलुगू व कानडी मुलांना सारखेच परिचित होते. ते एका कोणाच्या भाषेचे नव्हते. म्हणून तिघांनाही ते आपले म्हणता आले. अर्थात सर्वांनाच ते मानवले असे नाही. पुढील कडव्यांत देशास देवीचे रूप दिलेले असल्याने मुसलमान समाजातील अनेकांचा त्यास आक्षेप होता. म्हणूनच १९३७ साली काँग्रेस कार्यकारिणीने राष्ट्रीय सभांतून पहिली दोनच कडवी म्हणावीत असे ठरविले. हा आक्षेप वगळून या गीताचा इतिहास सांगणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही.

फ्रान्समध्येही असेच घडले. १७९२ साली रूजे द लील या सैनिकी अधिकाऱ्याने स्ट्रासबुर्ग येथे एक रणगीत रचले. मार्सेय शहराचे स्वयंसेवक ते गात पॅरिसमध्ये शिरले, म्हणून त्यास ‘मार्सेयेज’ हे नाव पडले. १७९५ साली ते राष्ट्रगीत झाले. पुढे राजसत्ता परतताच ते निषिद्ध ठरले आणि १८७९ साली पुन्हा मानाने विराजमान झाले. मधल्या राजवटींना ते लोकांच्या स्मरणातून काढता आले नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादची राजवट शरण आली आणि संस्थानाचे गीत शाळांतून उठले. २४ जानेवारी १९५० रोजी घटना समितीत डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत असल्याचे जाहीर करून ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान दिला. एक गीत आज्ञेने म्हटले जात होते. आज्ञा सरली, तेही सरले. दुसरे आज्ञा मोडून म्हटले गेले आणि टिकले.

आता या नगरातील मुले शाळेच्या प्रांगणात ‘वंदे मातरम्’ निर्भयपणे म्हणतात. त्यांना शब्द व चाल शिकविताना, याच गावच्या वसतिगृहातून त्यापायी बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची हकीकतही सांगितली जावी. ती ऐकलेले मूल ते गीत निराळ्या आवाजात म्हणेल.