टॉप आणि पीएसच्या यादीत सगळ्यात वर वेगवेगळ्या प्रोसेस का दिसतात?

लिनक्स सर्व्हर किंवा मॅक मंदावला की अनेकजण टर्मिनलमध्ये चालू प्रोसेसची यादी काढतात आणि सगळ्यात वरची प्रोसेस बंद करतात. पण वर कोण दिसणार, हे यादी कशानुसार लावली आहे यावर ठरतं. ते न पाहता भलतीच प्रोसेस बंद केली आणि ती डेटाबेसची निघाली, तर वेबसाइटच बसते.

काहीच सांगितलं नाही तर क्रम कोणता?

लिनक्सवर पीएस स्वतःहून क्रम लावत नाही. कर्नलकडून प्रोसेस जशा मिळतात तशा दाखवते, त्यामुळे त्या साधारणपणे पीआयडीच्या (प्रोसेसच्या क्रमांकाच्या) चढत्या क्रमाने दिसतात. मॅकवर पीएस आधी टर्मिनलनुसार आणि मग पीआयडीनुसार यादी लावते.

टॉपचंही तसंच. लिनक्सवर सर्वाधिक सीपीयू वापरणारी प्रोसेस वर असते. मॅकवर मात्र सर्वांत मोठा पीआयडी वर असतो, भार कितीही असो.

दोघांचा सीपीयूचा आकडा का जुळत नाही?

लिनक्सवर पीएस प्रोसेसच्या संपूर्ण आयुष्याची सरासरी सांगते, तर टॉप मागच्या काही सेकंदांचा वापर सांगते. समजा, एक प्रोसेस १० तास शांत होती आणि त्यातल्या शेवटच्या ६ मिनिटांत तिने एक कोअर पूर्ण व्यापला. टॉप १०० टक्के दाखवेल, पीएस फक्त १ टक्का. म्हणजे आत्ता त्रास देणारी प्रोसेस पीएसच्या यादीत खाली दडलेली असू शकते.

क्रम कसा बदलायचा?

(आज्ञा इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या.)

- लिनक्सवर पीएस: 'पीएस एयूएक्स --सॉर्ट=-%सीपीयू'. बरोबरच्या चिन्हानंतरचा वजा म्हणजे उतरता क्रम. तो विसरलात तर सर्वांत कमी वापर करणारी प्रोसेस वर येते.
- लिनक्सवर टॉप: चालू असताना मोठा 'एम' दाबल्यास मेमरीनुसार, मोठा 'पी' दाबल्यास सीपीयूनुसार.
- मॅकवर टॉप: 'टॉप -ओ सीपीयू'.

मॅकवर पीएसला '-एम' दिलं की यादी मेमरीनुसार लागते. लिनक्सवर तेच '-एम' थ्रेड दाखवतं. त्यामुळे एका सिस्टिमवरची आज्ञा दुसरीकडे जशीच्या तशी वापरू नका.

पीएसची यादी वेगळ्या 'सॉर्ट' आज्ञेकडे पाठवत असाल तर '-एन' द्या. नाहीतर आकडे अक्षरांसारखे लावले जातात आणि ९ हा १० पेक्षा मोठा ठरू शकतो.

बंद करण्याआधी

टॉपमध्ये दोन-तीन वेळा आकडे बदलू द्या. तीच प्रोसेस वर राहिली तर तिचं नाव आणि ती कोणत्या युजरची आहे ते पाहा. मग आधी साधं 'किल' वापरा. 'किल -९' प्रोसेसला आवराआवर करायला वेळच देत नाही, म्हणून तो शेवटचा उपाय.