गहू बंद, मग ताटात काय?



घरात कुणाला सिलिॲकचा आजार निघाला की सासू-सुनेला एकच काळजी लागते. गहू बंद, मग खायचं काय? मला उत्तर आपल्या कोरपन्याच्या जुन्या ताटात दिसतं.

१९५९ साली राजुरा भाग चंद्रपूर जिल्ह्यात आला. त्या काळी इकडे रोजची भाकर ज्वारीची, पोळी सणावाराची. पुढे हरितक्रांतीनंतर रेशनवर गहू आला, शेतात कापूस-सोयाबीन वाढलं आणि ज्वारी मागे पडली.

या आजारात गहूच बाधतो, हे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात दाखवलं. ज्वारी, बाजरी, नाचणीत ग्लुटेन नसतं. पण गव्हाऐवजी नुसता तांदूळ नि साबुदाणा खाल्ला, तर लोह, तंतू आणि ब जीवनसत्त्वं कमी पडतात. भाकरीसोबत डाळ, मूग, वर लिंबू घ्या. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं.

बाजारच्या ग्लुटेनमुक्त पाकिटांत बटाट्याचं स्टार्च, कधी अंडंही असतं. ते आपल्याला चालत नाही. कांदा-लसणाविना आपली फोडणी हिंगावर, पण डबीतल्या हिंगात बरेचदा मैदा असतो. लेबल वाचा. गिरणीत गव्हावर ज्वारी दळू नका.

आणि तपासणीआधी गहू सोडू नका, नाहीतर आजार असूनही रिपोर्टमध्ये दिसत नाही.