शाळाबाग
शाळेच्या आवारातील जमिनीत मुलांच्या हातून भाजीपाला, फुलझाडे इ. वाढविण्याची शैक्षणिक पद्धती. जर्मन शिक्षणतज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) याच्या बालोद्यानात प्रत्येक मुलास स्वतंत्र वाफा असे. महाराष्ट्रात या कल्पनेस वर्धा येथील शिक्षण परिषदेने (२२-२३ ऑक्टोबर १९३७) निराळे वळण दिले. झाकिर हुसेन समितीने ७ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी सुचविलेल्या मूलोद्योगांत शेतीचा समावेश होता. मुलांच्या श्रमातून शिक्षकांचे वेतन निघावे, ही म. गांधींची अपेक्षा मात्र वादग्रस्त ठरली. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह यांनी तीस परिषदेतच विरोध केला. शाळेचा कारखाना होईल, ही भीती अगदीच निराधार नव्हती. त्याहून लहान मुलांच्या बाबतीत तर उत्पन्नाचा हिशेब गैरलागूच होय. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी (१९४५) व पुढे कोसबाड (१९५७) येथे बालशिक्षणाचा जो प्रयोग केला, त्यात पाने, दगड, शिंपले हीच साधने होती. मिळकतीचा प्रश्न तेथे नव्हता.

अशा वयास बटाटा विशेष सोयीचा. त्याचे बेणे चिमुकल्या मुठीत मावते व बारीक बियांप्रमाणे सांडत नाही. मैदानी भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन-तीन डोळ्यांच्या फोडी सरीत लावतात. पीक जमिनीखाली असल्याने मुले ते मध्येच उकरून पाहतात, आणि पाहू द्यावे; मात्र उघडे राहिलेले बटाटे हिरवे पडून त्यांत सोलॅनीन हे विषारी द्रव्य वाढते, म्हणून मातीची भर पुन्हा द्यावी लागते. पाने पिवळी पडल्यावर, सु. ९० ते १०० दिवसांनी, काढणी करतात.