एकतीस आज्ञांचा दुभाषी

संगणकास शून्य आणि एक यांखेरीज भाषा नाही. तरीही केंब्रिज विद्यापीठातील ‘एडसॅक’ने ६ मे १९४९ रोजी वर्गसंख्यांचा तक्ता छापला, तो अक्षरे व दशमान अंकांत लिहिलेली आज्ञावली वाचून. हा दुभाषी म्हणजे डेव्हिड व्हीलर यांच्या एकतीस आज्ञा. त्यांना मात्र दुभाषी नव्हता. टेलिफोन केंद्रातील फिरत्या स्विचांवर त्या तारांनी जोडाव्या लागल्या. भाषांतराचा शीण यंत्राने पत्करला; दोषशोधनाचा माणसाकडेच राहिला. प्रकल्पप्रमुख मॉरिस विल्क्स यांच्या १२६ आज्ञांच्या आज्ञावलीत सुमारे वीस चुका निघाल्या. उर्वरित आयुष्याचा बराच भाग स्वतःच्याच चुका शोधण्यात जाणार, हे त्यांना तेव्हाच उमगले. मला ही जाणीव त्या यंत्राइतकीच मोलाची वाटते.