भिंतीपलीकडचा आवाज



गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही लिहून झाली, की हल्ली एक विषय निघतोच. आठ-दहा वर्षांपूर्वी तो निघत नव्हता. वरच्या मजल्यावर रात्री खुर्च्या ओढतात. शेजारी टीव्हीचा आवाज एवढा असतो की मालिका आपल्याच घरात चालू आहे असं वाटावं. खालच्या काकू म्हणतात, तुमच्या शिलाई मशीनने आमचं डोकं उठतं. नालवाडी, सिंदी मेघे, पिपरी मेघे या भागांत आपल्या कितीतरी सदस्या आता फ्लॅटमध्ये राहतात, कुणी मालकीच्या, बऱ्याच जणी भाड्याच्या. गावातलं घर सोडून आलेल्या बाईला जिन्याची, पाण्याच्या टाकीची, पार्किंगच्या भांडणाची सवय लवकर होते. शेजारच्या आवाजाची होत नाही.

म्हणून आज या आवाजाचा इतिहास सांगते. त्यात कायदे आहेत, तारखा आहेत. आणि त्यात तेरा वर्षांची एक मुलगी आहे, जिची गोष्ट आपल्याला कुणी सांगितलेली नाही.

आधी भिंतीबद्दल. गावाकडची मातीची भिंत दीड-दोन फुटांची असते. दोन घरांत अंगण असतं, गोठा असतो, बोळ असतो. फ्लॅटमधली आतली भिंत बहुधा साडेचार इंचांची, एका विटेच्या रुंदीची. आणि आवाज दोन वाटांनी येतो. बोलणं, टीव्ही, भांडण हवेतून येतं, खिडकी-दाराच्या फटीतून शिरतं. खलबत्ता, मिक्सर, मशीन, मुलांच्या उड्या या मात्र फरशीतून स्लॅबमध्ये उतरतात आणि खालच्या घराचं छतच वाजायला लागतं. त्यामुळे वरच्या बाईला खरंच वाटतं की आपण काहीच आवाज केला नाही आणि खालच्या बाईला खरंच वाटतं की ही मुद्दाम करते आहे. दोघीही खोटं बोलत नसतात. निम्मी भांडणं इथेच सुरू होतात.

एका छताखाली खूप माणसं राहायला लागली की काय होतं, हे आपल्याच जिल्ह्यानं फार पूर्वी पाहिलं आहे. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. पहिलं घर होतं आदि निवास. तिथे एका मोठ्या खोलीत बापू, बा, सहकारी, पाहुणे सगळे एकत्र. माणसं वाढत गेली तसं तिथे काम करणं अवघड होत गेलं आणि बापू मीराबेननी स्वतःसाठी बांधलेल्या कुटीत राहायला गेले. आपण सहलीला जाऊन पाहतो ती बापू कुटी हीच. सोमवारी त्यांचं मौन असायचं, काही सांगायचं झालं तर चिठ्ठीवर लिहून द्यायचे. पुढे पवनारला विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभर मौन पाळलं. मला या दोन्ही गोष्टींत एक बारीक मुद्दा महत्त्वाचा वाटतो. ही मौनं स्वतःपुरती होती. आपण गप्प राहणं वेगळं आणि दुसऱ्याला गप्प करणं वेगळं. आपण बायकांना हा फरक समजावून सांगायची गरज नाही, ‘हळू बोल, शेजारी ऐकतील’ हे वाक्य आपण जन्मभर ऐकलं आहे.

मुंबईत हा प्रश्न आणखी आधी उभा राहिला. १९२० नंतरच्या काही वर्षांत सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे बीडीडी चाळी बांधल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची, नळ आणि संडास सामाईक. अशा चाळीत खासगी आवाज असा प्रकारच नव्हता. कुणाचं बाळ रडतंय, कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणाचा नवरा पिऊन आलाय, हे सगळ्या मजल्याला कळायचं. त्याचा जाच होता, चहाडी होती. पण दार उघडं असायचं आणि कुणीतरी डोकावायचंसुद्धा. पुढे १९६३ चा मालकी फ्लॅटचा कायदा आला, सहकारी गृहनिर्माण संस्था वाढल्या, फ्लॅट ही मध्यमवर्गाची वस्तू झाली. दार बंद झालं. भिंत मात्र जाड झाली नाही. चाळीचा आवाज राहिला, चाळीचं डोकावणं गेलं.

आता कायद्याकडे येते.

आवाजाविरुद्ध पहिली मोठी लढाई घराघरातल्या आवाजाशी नव्हती, ती भोंग्याशी होती. मुंबईचे डॉ. यशवंत ओक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये उच्च न्यायालयात याचिका केली. कानाचं, रक्तदाबाचं, झोपेचं नुकसान डॉक्टर रोज पाहत होते, पण सणासमारंभाच्या आवाजाबद्दल बोलणारा माणूस समाजाचा वैरी ठरायचा. १९८७ मध्ये हवा प्रदूषणाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन आवाज हेसुद्धा प्रदूषण धरलं गेलं. १४ फेब्रुवारी २००० रोजी केंद्राने ध्वनिप्रदूषणाचे नियम काढले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरली. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. पुढे मुंबईत सुमैरा अब्दुलअली या बाईंनी हे काम हातात घेतलं. शांतता क्षेत्रं कागदावरून रस्त्यावर आणण्यासाठी त्या न्यायालयात गेल्या आणि हातात डेसिबल मोजायचं यंत्र घेऊन मिरवणुकांत उभ्या राहू लागल्या. एकट्या बाईने आवाज मोजत उभं राहायचं, हे सोपं नाही.

आणि आता ती मुलगी.

जानेवारी १९९८ मध्ये वर्तमानपत्रात एक बातमी आली. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला. ती मदतीसाठी ओरडली. पण जवळपास लाऊडस्पीकरवर मोठ्याने गाणी लागलेली होती आणि तिचं ओरडणं त्यात बुडून गेलं. कुणालाही ऐकू आलं नाही. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला पेटवून घेतलं आणि ती गेली. ही बातमी वाचून अनिल मित्तल नावाचे एक इंजिनियर सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांची ना त्या घराशी ओळख, ना कुणाशी वैर. त्यांचं म्हणणं एवढंच, की आवाजाचे कायदे असतील तर ते पाळले जावेत.

निकाल लागायला साडेसात वर्षं गेली. १८ जुलै २००५ रोजी न्यायालयाने सांगितलं की बोलण्याचं स्वातंत्र्य आहे, पण लाऊडस्पीकर लावून दुसऱ्याच्या कानात जबरदस्तीने आवाज घालण्याचा हक्क कुणालाही नाही. शांततेने जगणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. रात्री १० नंतर ढोल, भोंगे बंद. आणि आपल्या विषयाची ओळ त्यातच आहे. खासगी जागेत लावलेल्या साउंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. म्हणजे ‘माझ्या घरात मी काहीही लावीन’ हे म्हणणं त्या दिवसापासून कायद्याला मान्य नाही.

आवाजाचा कायदा म्हटलं की आपल्याला गणपती, डीजे, वरात, राजकारण आठवतं. पण त्या निकालाच्या पहिल्या पानांत एक मुलगी ओरडते आहे. शांतता कशासाठी हवी, तर झोपेसाठी हवी, अभ्यासासाठी हवी, आणि कुणी ओरडलं तर ते ऐकू यावं म्हणूनही हवी. मला तरी हे तिसरं कारण सगळ्यात मोठं वाटतं.

त्याच वर्षी, दोनच महिन्यांनी, १३ सप्टेंबर २००५ ला कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा मंजूर झाला, आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी कागदोपत्री काही संबंध नाही. पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाईने त्या शेजारी ठेवून पाहाव्यात. त्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे घरात हिंसा होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटलं, तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. कुणीही म्हणजे शेजारीणसुद्धा. आणि चांगल्या हेतूने कळवलं असेल तर तिच्यावर त्यासाठी कारवाई होत नाही.

२००८ मध्ये टीव्हीवर ‘बेल बजाओ’ नावाची मोहीम आली होती, काहींना आठवत असेल. बाहेर क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला एका घरातून मारहाणीचा आवाज येतो. तो जाऊन बेल वाजवतो आणि सांगतो, आमचा बॉल आत आलाय. एवढंच. भाषण नाही, भांडण नाही. दार वाजलं की आतला हात थांबतो. साखर मागायला गेलात तरी चालतं.

आता रोजच्या भांडणाकडे वळते, कारण बैठकीत विचारलं जातं ते हेच. मिक्सरचा, टीव्हीचा, उड्यांचा आवाज आला तर पोलिसात जायचं का? २००० च्या नियमांत तक्रारीसाठी मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाज असावा लागतो. घरातला रोजचा आवाज बहुधा त्या पातळीवर जात नाही, आणि गेला तरी पाच मिनिटांचा असतो. त्यासाठी सोसायटीचे उपविधी आहेत. आपल्या फ्लॅटमध्ये इतरांना त्रास होईल असं काही करू नये, हे त्यात लिहिलेलं असतं. आधी बोलायचं, मग सचिवाला लेखी द्यायचं. भाड्याने राहणाऱ्या बाईने घरमालकालाही त्यात घ्यावं, नाहीतर तिला कुणी उभं करत नाही. रात्री १० नंतर स्पीकर, डीजे असेल तर मात्र ११२ ला फोन करा. तक्रार करणाऱ्याचं नाव उघड करू नये, असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. कुर्ल्याच्या नेहरूनगरच्या रहिवाशांच्या याचिकेवर जानेवारी २०२५ मध्ये हे पुन्हा बजावलं. ‘नाव कळेल’ या भीतीने गप्प बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कायद्यात एक भोक आहे, आणि ते वर्ध्याच्या माणसाला लगेच दिसतं. कायद्याची रात्र १० ला सुरू होते. पण सेवाग्रामला आणि सावंगीला दोन मोठे दवाखाने आहेत. तिथल्या नर्स, आया, सफाईच्या बाया रात्रपाळी करून सकाळी घरी येतात आणि दुपारी झोपतात. त्यांची रात्र दुपारी असते. तिला कुठल्याच नियमात जागा नाही. ती जागा आपल्यालाच करावी लागते. आमच्या एका गटातली सदस्या मसाले करते. तिच्या खालच्या घरात रात्रपाळीची एक ताई भाड्याने राहते. पहिल्यांदा दोघी चांगल्याच भांडल्या. मसालेवालीचं म्हणणं, “काहून वो बाई, आमी पोट भरू नाही का?” खालचीचं म्हणणं, मी माणसं जगवून येते, मला चार तास झोपू द्या. दोघी बरोबर. शेवटी दळणाची वेळ सकाळी ९ च्या आत आणि संध्याकाळी ५ नंतर ठरली, आणि यंत्राखाली जाड रबराची चटई आली. खलबत्ता हवाच असेल तर खाली चौपदरी पोतं. शिलाई मशीनच्या पायांखाली जुन्या टायरचे तुकडे चालतात. हवेतून येणाऱ्या आवाजावर याचा फारसा उपयोग नाही, पण स्लॅबमधून उतरणारा आवाज बराच कमी होतो.

घरी धंदा करणाऱ्या बाईवर आवाजाची तक्रार लवकर होते, हेही इथे सांगून ठेवते. रात्री अकरापर्यंत क्रिकेटची मॅच लावणाऱ्या भाऊंना कुणी बोलत नाही. मशीन चालवणारी एकटी बाई दिसली की सगळ्यांना नियम आठवतात. अशा वेळी सोसायटीच्या मिटिंगला एकटीने जाऊ नका. गटातल्या दोघी-तिघींना बरोबर न्या आणि वेळा लिहून न्या. मशीन किती वाजता सुरू, किती वाजता बंद. लिहिलेल्या वेळेशी भांडता येत नाही.

राहता राहिला तो आवाज, जो ऐकून आपण टीव्ही मोठा करतो. भांडं आपटल्याचा, मग बाईच्या ओरडण्याचा, मग एकदम शांत झाल्याचा. तो आपल्यातल्या बहुतेकींनी कधी ना कधी ऐकला आहे. त्यासाठी डेसिबल मोजायचे नसतात. ११२ आहे, महिलांसाठी १८१ आहे, जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तोंडी कळवलं तरी चालतं. दुसऱ्या दिवशी जिन्यात ती बाई भेटली तर लोकांसमोर विचारू नका. पाणी भरताना, कपडे वाळत घालताना, गच्चीवर, ती एकटी असताना विचारा. ती पहिल्यांदा ‘काही नाही’ म्हणेल. दुसऱ्यांदाही म्हणेल. आपल्या गटाच्या वहीत शेवटच्या पानावर हे दोन नंबर आणि संरक्षण अधिकाऱ्याच्या कार्यालयाचा नंबर लिहून ठेवा, म्हणजे वही तिच्या हातात देताना वेगळं काही बोलावं लागणार नाही.