बारा नोंदींच्या पत्रिकेत नसलेली बुरशी

बुरशी म्हटलं की आपल्या परभणीत आधी बुरशीनाशक आठवतं. तुरीची मर, हरभऱ्याची मर. पण ज्वारी, कापूस, तूर, सोयाबीन यांच्या मुळांत आणखी एक बुरशी राहते, आणि ती पिकाला जगवते. तिचं नाव मायकोरायझा. जुने कृषी पदवीधर अजून 'व्हॅम' म्हणतात.

हे नाव १८८५ साली जर्मनीच्या ए. बी. फ्रँक यांनी दिलं. ते शोधत होते ट्रफल ही महागडी खायची बुरशी वाढवायची युक्ती. हाती लागलं ते असं की जंगलातल्या झाडांची मुळं आणि बुरशी एकमेकांना पोसतात. त्या काळी अनेकांना ते पटलं नाही. शेतातली बुरशी वेगळी, ती मुळाच्या आत शिरते. ती ओळखायची साधी रीत गेर्डेमान आणि निकोलसन यांनी १९६३ साली लिहून ठेवली: माती पाण्यात ढवळा, बारीक चाळण्यांतून गाळा, वर राहिलेले बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. ग्लोमस, अकॉलोस्पोरा, जिगास्पोरा अशी त्यांची घराणी आहेत.

आपल्याला याचं काय? आपली काळी माती चुनखडीची. डीएपीतला बराच स्फुरद चुन्याशी बांधला जातो, आणि स्फुरद मातीत फारसा सरकतही नाही. मुळाजवळचा संपला की पीक उपाशी. बुरशीचे तंतू त्यापलीकडं जाऊन तो आणतात, बदल्यात पिकाकडून साखर घेतात. (मोहरी आणि कोबी मात्र हिला थारा देत नाहीत.)

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडची काही जमीन आपल्यासारखीच काळी, भेगाळणारी. तिथं वर्षाहून जास्त पडीक ठेवलेल्या रानात ओल भरपूर असूनही पीक खुरटं यायचं. १९८७ साली थॉम्पसन यांनी कारण दाखवलं: जिवंत मुळं नसल्यानं ही बुरशी घटली होती, म्हणून स्फुरद मिळेना. आपलं रब्बी ज्वारीचं रान खरिपात काही महिनेच मोकळं असतं, एवढा आपला फरक.

२०१५ साली जमीन आरोग्य पत्रिका आली. तीत बारा नोंदी: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. जिवंत असं एकही नाही. दुकानातल्या पाकिटात बहुतेक एक-दोन जाती असतात. रानात आधीच कोणत्या आहेत, हे न बघता आपण पैसे मोजतो.

१९७२ पासून कृषी विद्यापीठ परभणीतच आहे. माझी मागणी साधी आहे. विद्यापीठ आणि कृषी खात्यानं दर तालुक्यात निदान दहा रानांची माती चाळून बीजाणूंची मोजणी करावी, आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत.